जंतू छातीत आहेत, पण आजार नाही. फुप्फुसातल्या पेशी नेमकं करतात काय?

रानजाई

दोन महिन्यांपूर्वी भावाला फुप्फुसाचा टीबी निघाला. औषधं चालू आहेत, खोकला जवळपास थांबलाय, वजनही परत येतंय, त्यामुळे त्याच्याबद्दल आता जिवाला घोर नाही. घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या. आईची आणि धाकट्याची मँटू टेस्ट, म्हणजे हातावर टोचून करतात ती टीबीची तपासणी, निगेटिव्ह आली. माझ्या हातावर मात्र तिसऱ्या दिवशी चांगली टणक गाठ आली. सिस्टरांनी बोटाने चाचपून तिच्या दोन्ही कडांना पेनाने रेघा मारल्या आणि पट्टी लावली. १७ मिलिमीटर. एक्स-रे स्वच्छ, ताप नाही, खोकला नाही. डॉक्टर म्हणाले, "जंतू शरीरात शिरलेत, पण तुमच्या पेशींनी त्यांना कोंडून ठेवलंय. हा आजार नाही, संसर्ग आहे. तरी गोळ्या घ्या."

ओपीडीत गर्दी होती, पुढचं विचारायचं राहून गेलं. घरी आल्यापासून डोक्यात तेच घोळतंय. कोंडून ठेवलंय म्हणजे कोणी, आणि कुठे? कोंडता येतं तर मारून का टाकत नाहीत? आणि इतकी वर्षं सांभाळायला पेशी समर्थ असतील तर मला गोळ्या कशाला? इथे या विषयातली माणसं आहेत म्हणून विचारतेय. सोप्या भाषेत सांगितलंत तर फार बरं होईल.

अर्धविराम

भावाला लवकर बरं वाटो. प्रश्न एकदम मुद्द्याचे आहेत. मीही वाचायला बसलोय.

श्वासमात्र

रानजाई, मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे. ओपीडीत पाच मिनिटांत जे सांगायचं राहतं ते इथे लिहितो.

टीबीचा रुग्ण खोकतो तेव्हा मोठे थेंब खाली पडतात. १ ते ५ मायक्रॉनचे बारीक कण मात्र हवेत तासन् तास तरंगतात. कण मोठा असेल तर नाकात, घशात किंवा श्वासनलिकेच्या बुळबुळीत अस्तरात अडकून बाहेर टाकला जातो. हे बारीक कण थेट वायुकोशांपर्यंत, म्हणजे श्वासनलिकांच्या टोकाशी असलेल्या फुग्यांपर्यंत पोचतात. तिथे गस्तीला असते भक्षक पेशी, मॅक्रोफेज. उंदरांत दिसलंय की फुप्फुसातल्या या मॅक्रोफेजचे पूर्वज जन्माआधीच तिथे येऊन राहिलेले असतात, आणि पुढे त्या बऱ्याच अंशी तिथल्या तिथेच नव्या तयार होतात. धूळ, काजळी, मेलेल्या पेशींचा कचरा गिळणं हे त्यांचं रोजचं काम. त्याच शिरस्त्याने त्या टीबीचा जंतूही गिळतात.

गिळलेली वस्तू एका पिशवीत जाते. एरवी त्या पिशवीला पाचकरसाच्या पिशव्या येऊन जुळतात, आतलं आम्ल वाढतं आणि जंतू संपतो. टीबीचा जंतू नेमकी ही जुळणीच होऊ देत नाही. १९७१ सालीच हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं होतं. त्याच्या अंगावर मेणासारख्या स्निग्ध पदार्थांचं जाड कवच असतं. आतलं आम्ल बेताचंच राहतं आणि जंतू निवांत वाढू लागतो. वर त्याच्याकडे अशी प्रथिनं असतात की पिशवीच्या भिंतीला भोक पाडून तो पेशीच्या आतल्या भागातही डोकावतो. थोडक्यात, ज्या पेशीने त्याला खायचं तिचंच त्याने घर केलेलं असतं.

तुमच्या 'मारून का टाकत नाहीत' याचं अर्धं उत्तर इथे आहे. या पहारेकरणीला एकटीने हे जमत नाही, तिला टी पेशींचा, म्हणजे ठरावीक जंतू नेमका ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशींचा, निरोप लागतो. ओपीडीची वेळ झाली, पुढचं रात्री लिहितो.

खडूफळा

डॉक्टर येईपर्यंत थोडं गणित. टीबीचा जंतू दुप्पट व्हायला साधारण २० तास घेतो. पोटातला ई. कोलाय हेच काम २० मिनिटांत करतो. म्हणजे हा अगदी संथ गडी. पण २१ दिवस दिले तर २५ वेळा दुप्पट होतो, आणि एकाचे कागदावर ३ कोटी ३५ लाख होतात. वर्गात हे फळ्यावर मांडलं की मुलं गप्प होतात. मग पहिल्या ३ आठवड्यांत टी पेशी असतात कुठे?

काचपट्टी

खडूफळा सर, त्यांना खबरच लागलेली नसते.

टी पेशी फुप्फुसात आधीपासून या जंतूची वाट बघत बसलेल्या नसतात. कोणीतरी जंतूचे तुकडे घेऊन छातीच्या मधोमध असलेल्या लसिका गाठींपर्यंत जावं लागतं. हे काम डेंड्रिटिक पेशींचं. फ्लूसारख्या संसर्गात त्या दोनेक दिवसांत पोचतात. टीबीत उंदरांवरच्या प्रयोगांत आठ-नऊ दिवस गाठीत काही पोचतच नाही, कारण सुरुवातीला जंतू मॅक्रोफेजच्या पोटात गपचूप असतो. खबर पोचल्यावर त्या जंतूला नेमकी ओळखणारी टी पेशी सापडणार, तिच्या हजारो प्रती होणार, आणि मग त्या रक्तातून फुप्फुसात येणार. माणसात मँटू पॉझिटिव्ह व्हायला २ ते ८ आठवडे लागतात ते यामुळेच. (तुमच्या गणितातले सगळे ३ कोटी प्रत्यक्षात होत नाहीत. मॅक्रोफेज काहींना मारतातच. पण एवढ्या मुदतीत जंतू पाय रोवतो.)

आणि रानजाई, तुमच्या हातावर आलेली गाठ म्हणजे त्याच टी पेशी! कातडीखाली जंतूची प्रथिनं टोचली, तुमच्या रक्तात फिरणाऱ्या ओळखीच्या टी पेशी तिथे जमल्या, त्यांनी आणखी मॅक्रोफेज बोलावले. या सगळ्याला दोन-तीन दिवस लागतात म्हणून तिसऱ्या दिवशी बोलावतात, आणि लालीऐवजी टणकपणा मोजतात, कारण टणकपणा म्हणजे दाटीवाटीने जमलेल्या पेशी. जे छातीत घडलं त्याची छोटी आवृत्ती तुम्ही स्वतःच्या हातावर बघितलीत.

रानजाई

काचपट्टीताई, हे वाचून मी बाही वर करून परत हात बघितला. आता नुसता तपकिरी डाग राहिलाय. तो वेगळाच वाटायला लागला.

श्वासमात्र

काचपट्टी, तुम्ही माझं काम हलकं केलंत. पुढचा दुवा जोडतो.

फुप्फुसात आलेली सीडी४ टी पेशी (टी पेशींचाच एक प्रकार) संसर्ग झालेल्या मॅक्रोफेजला शोधते आणि इंटरफेरॉन गॅमा नावाचा रेणू सोडते. हाच तो निरोप. तो मिळाला की मॅक्रोफेज बदलते. आम्ल वाढवते, जंतूला लागणारं लोह आखडून घेते, अडलेली पचनक्रिया पुन्हा सुरू करते. मॅक्रोफेज स्वतः इंटरल्युकिन १२ सोडून टी पेशींना चेव आणते. असा हा दुतर्फा संवाद आहे.

तो किती मोलाचा आहे हे काही मुलांमुळे कळलं. १९९६ मध्ये अशी कुटुंबं नोंदली गेली ज्यांतल्या मुलांना इंटरफेरॉन गॅमाचा निरोप घेणारा रेणूच जन्मतः सदोष होता. एरवी निरुपद्रवी असणारे मायकोबॅक्टेरिया, म्हणजे टीबीच्या जंतूचे भाऊबंद, किंवा बीसीजीची लससुद्धा अशा मुलांच्या अंगभर पसरते. त्यांच्यातला फरक एका जनुकाचा असतो. एचआयव्हीत सीडी४ पेशी कमी होतात तेव्हा टीबी उसळतो, त्याचं कारणही इथेच आहे.

काचपट्टी

आता 'कुठे कोंडलंय' याकडे येते. मी पॅथॉलॉजीत आहे, ही जागा रोज बघते.

ग्रॅन्युलोमा म्हणतात तिला. फुप्फुसाच्या तुकड्याची पातळ चकती रंगवून बघितली की मधोमध एक गुलाबी, दाणेदार, पेशींचा मागमूस नसलेला भाग दिसतो. तिथे सगळं मेलेलं असतं. त्याभोवती लांबट, एकमेकींना चिकटून बसलेल्या मॅक्रोफेज. मधूनच एखादी राक्षसी पेशी, अनेक मॅक्रोफेज एक होऊन झालेली, आणि तिची केंद्रकं कडेला घोड्याच्या नालासारखी मांडलेली. बाहेरून गडद निळ्या ठिपक्यांचं कडं, त्या लिम्फोसाइट, म्हणजे टी आणि बी पेशी. त्याही पलीकडे तंतूंची वेटोळी. जुना ग्रॅन्युलोमा असेल तर मध्ये कॅल्शियम साचून सुरीखाली करकर वाजतं.

मग झील-नील्सनचा रंग देते. काचपट्टीवर लाल रंग ओतून वाफ येईपर्यंत तापवायचा, आम्लाने धुवायचा, वर निळा द्यायचा. बाकी सगळं लाल रंग सोडून देतं, टीबीचा जंतू त्या मेणचट कवचामुळे सोडत नाही. कधी अर्धा तास तेलातल्या भिंगाखाली मान मोडून शोधावं आणि निळ्या पार्श्वभूमीवर एकच लाल, किंचित वाकडी काडी सापडावी. एवढा मोठा पेशींचा मेळा, आणि तो या एका काडीभोवती. इतकी वर्षं झाली, तरी ती दिसली की मी क्षणभर थांबते.

गोगलगाय

काचपट्टी, वर्णन सुरेखच, पण 'कोंडलं' या शब्दाशी मी सहमत नाही. ग्रॅन्युलोमा म्हणजे शरीराने बांधलेला तुरुंग, हे चित्र निम्मंच खरं आहे.

झेब्राफिशचं पिल्लू काचेसारखं पारदर्शक असतं. त्याला टीबीच्या जंतूचा चुलतभाऊ मायकोबॅक्टेरियम मरिनम टोचला की जिवंतपणी आत काय चाललंय ते बघता येतं. ललिता रामकृष्णन यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवलं की सुरुवातीच्या ग्रॅन्युलोमात जंतूच नव्या मॅक्रोफेजना बोलावून घेतो. एक मॅक्रोफेज मरते, नव्या आलेल्या तिला गिळतात, त्यांच्याबरोबर आतले जंतूही गिळतात. काही मॅक्रोफेज तिथून निघून दुसरीकडे नवा ग्रॅन्युलोमा उभा करतात. म्हणजे निदान सुरुवातीला तरी ती जागा जंतूच्या फायद्याची असते.

२०१० मधली एक गोष्ट तर मला अजून झोपू देत नाही. बरेच जंतू टी पेशींनी ओळखू नये म्हणून आपलं रूप बदलत राहतात. टीबीच्या जंतूंचे वेगवेगळे प्रकार तपासले तेव्हा दिसलं की टी पेशी जे तुकडे ओळखतात तेच त्याने सगळ्यात जास्त जपून ठेवलेत, जवळजवळ न बदलता. ओळखलं जाणं त्याच्या पथ्यावर पडत असावं, असा त्याचा अर्थ निघतो.

काचपट्टी

गोगलगाय, माशाला सुरुवातीला टी पेशी नसतात. पिल्लातला ग्रॅन्युलोमा म्हणजे निव्वळ मॅक्रोफेजचा खेळ. माझ्या भिंगाखाली जे येतं त्यात टी पेशींचं कडं असतं, तंतू असतात, आणि कितीतरी वेळा आत एकही जंतू सापडत नाही. त्यांना मी जंतूच्या बाजूने मोजणार नाही.

श्वासमात्र

दोघांचंही बरोबर आहे, आणि त्याला चांगला पुरावा आहे. मकाक माकडांत प्रत्येक ग्रॅन्युलोमा बहुधा एकाच जंतूपासून सुरू होतो, हे २०१४ मध्ये दिसलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे एकाच माकडाच्या एकाच फुप्फुसात एक ग्रॅन्युलोमा पूर्ण निर्जंतुक झालेला आणि शेजारचा फुटून पसरलेला, असं शेजारी शेजारी सापडलं. म्हणजे एका माणसाची 'प्रतिकारशक्ती' अशी एक गोष्ट नसते. दर काही मिलिमीटरवर वेगळी झुंज चाललेली असते, आणि माणूस आजारी पडायला त्यातली एक हरणं पुरतं.

कणा_ताठ

इथे माझा अनुभव लिहायलाच हवा. मला मणक्याचा संधिवात आहे, अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस. सकाळी उठून बूट घालायला पाऊण तास लागायचा. ३ वर्षांपूर्वी टीएनएफ नावाचा शरीरातला रेणू रोखणारं इंजेक्शन ठरलं. सुरू करण्याआधी डॉक्टरांनी टीबीची रक्ततपासणी आणि छातीचा एक्स-रे सांगितला. मी वैतागलो होतो, दुखतंय पाठीत आणि हे छाती बघतायत! तपासणी पॉझिटिव्ह आली. आधी महिनाभर टीबी प्रतिबंधाच्या गोळ्या, मगच इंजेक्शन, गोळ्यांचा कोर्स पुढे पूर्ण केला. आज पाठ ताठ आहे आणि छाती स्वच्छ. पण टीएनएफचा आणि टीबीचा संबंध मला कोणी नीट समजावला नाही.

श्वासमात्र

कणा_ताठ, तुमच्या डॉक्टरांनी अगदी योग्य केलं. टीएनएफ हा मॅक्रोफेज आणि टी पेशींनी सोडलेला आणखी एक निरोप. तो मॅक्रोफेजला जंतू मारायला बळ देतो आणि ग्रॅन्युलोमाची घडी टिकवतो. ही औषधं नवी होती तेव्हा, २००१ मध्ये, त्यांतलंच एक इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्यांत टीबी उसळल्याच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. बऱ्याच जणांत तो पहिल्या काही महिन्यांतच आणि फुप्फुसाबाहेर पसरलेला होता. तेव्हापासून आधी तपासणी हा नियम झाला.

सोनसळी

म्हणजे प्रतिकारशक्ती वाढवणं हाच उपाय ना? व्हिटॅमिन डीने मॅक्रोफेज जंतू मारतात असं वाचलंय. माझी मैत्रीण त्यासाठी रोज गोळी घेते.

गोगलगाय

सोनसळी, वाचलंत ते खोटं नाही. २००६ मध्ये दाखवलं होतं की व्हिटॅमिन डी मिळालं की मानवी मॅक्रोफेज कॅथेलिसिडिन नावाचा जंतुनाशक रेणू बनवतात. पण ते प्रयोगशाळेतल्या पेशींत. मंगोलियात साडेआठ हजारांहून जास्त शाळकरी मुलांना ३ वर्षं व्हिटॅमिन डी किंवा रिकामी गोळी दिली. निकाल २०२० मध्ये आला. टीबीचा संसर्ग दोन्ही गटांत सारखाच. कमतरता असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने जरूर घ्यावी, पण टीबीची ढाल म्हणून तिच्यावर विसंबू नये.

आणि 'वाढवणं' या शब्दाबद्दल थोडं. त्याच झेब्राफिशमध्ये टीएनएफ कमी पडला तरी मासे दगावतात आणि अति झाला तरी दगावतात, कारण मॅक्रोफेज फुटतात आणि जंतू मोकळे होतात. उंदरांत टी पेशींचा पीडी-१ नावाचा लगाम काढून टाकला तर टी पेशी जोरात येतात आणि उंदीर टीबीने *लवकर* मरतात.

श्वासमात्र

याचं माणसातलं रूप मी आठवड्यातून दोन-तीनदा एक्स-रेवर बघतो. फुप्फुसाच्या वरच्या भागात काळी पोकळी, भोवती पांढरी जाड कड. कॅव्हिटी. ती मुख्यतः आपल्याच पेशींच्या पाचकरसांनी पोखरलेली असते. ग्रॅन्युलोमाचा मधला भाग पातळ होतो, शेजारची श्वासनलिका फुटते, आणि प्राणवायू मिळाल्यावर जंतू सपाटून वाढतो. थुंकीत मग न्यूट्रोफिल (पू बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) आणि जंतू यांची खच्चून गर्दी. रानजाई, भावाकडून तुमच्यापर्यंत जंतू आला असेल तर अशाच वाटेने. एचआयव्हीमुळे सीडी४ पेशी फार खालावलेल्या रुग्णांत कॅव्हिटी कमी दिसतात, कारण तेवढं पोखरायला पेशीच उरलेल्या नसतात. मेंदूच्या आवरणाच्या टीबीत आम्ही औषधांसोबत स्टेरॉइड देतो, म्हणजे मुद्दाम प्रतिकार थोडा दाबतो, आणि त्याने जीव वाचतात.

माझ्या रुग्णांना मी जे हात जोडून सांगतो ते इथेही सांगतो. धूम्रपान, ताब्यात नसलेला मधुमेह, कुपोषण आणि दगड फोडण्यातली सिलिकाची धूळ, यांनी याच पेशी दुबळ्या होतात. मधुमेहाने धोका सुमारे तिप्पट होतो. 'इम्युनिटी' लिहिलेल्या बाटलीत पैसे घालण्याआधी साखर तपासा.

खडूफळा

थोडं अवांतर, पण राहवत नाही. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ ला बर्लिनमध्ये टीबीचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षाच्या शेवटी मेसिना इथे इल्या मेचनिकॉव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात गुलाबाचे काटे टोचले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काट्याभोवती जमलेल्या फिरत्या पेशी बघितल्या. भक्षक पेशींची कल्पना तिथून आली. जंतू आणि त्याला गिळणारी पेशी, दोघांची ओळख एकाच वर्षी पटली! कॉख यांना नोबेल १९०५ मध्ये, मेचनिकॉव्ह यांना १९०८ मध्ये.

आणि मेचनिकॉव्ह यांची पहिली पत्नी ल्युडमिला क्षयानेच गेली, १८७३ मध्ये. लग्नाच्या वेळीच ती इतकी अशक्त होती की तिला खुर्चीत बसवून न्यावं लागलं. तो काटा टोचताना त्यांच्या मनात काय असेल, असं मला दर वेळी वाटतं.

अर्धविराम

सर, अशी अवांतरं रोज टाका.

मला एक सांगा कोणीतरी. आपल्याला बीसीजी टोचलेली असते, मग टी पेशी आधीच तयार नकोत का?

काचपट्टी

बीसीजी म्हणजे गाईच्या टीबीचा जंतू, काल्मेत आणि गेरँ यांनी १९०८ पासून १३ वर्षांत २३० वेळा पुन्हा पुन्हा वाढवून मवाळ केलेला. १९२१ मध्ये पहिल्यांदा बाळाला दिली. लहान मुलांतला मेंदूचा आणि अंगभर पसरणारा टीबी ती चांगला रोखते, मोठ्यांचा फुप्फुसाचा टीबी तितका नाही. कातडीत टोचलेल्या लशीच्या टी पेशी रक्तात फिरतात, फुप्फुसाच्या पेशीजालात मुक्कामाला फारशा राहत नाहीत, हे एक कारण मानलं जातं. २०२० मध्ये मकाक माकडांना हीच बीसीजी थेट शिरेतून दिली. फुप्फुसात टी पेशी ठाण मांडून बसल्या, १० पैकी ९ माकडं उत्तम सुरक्षित राहिली, ६ जणांत संसर्ग सापडलाच नाही. माणसात अशी शिरेतून देणं सुरक्षित ठरलेलं नाही, पण 'सैनिक सीमेवरच हवेत' हे त्यातून पटतं.

मवाळ होताना बीसीजीच्या जंतूने भोक पाडणाऱ्या प्रथिनांची जनुकं गमावली. म्हणून त्याच प्रथिनांवर बेतलेली इगरा ही रक्ततपासणी बीसीजीमुळे पॉझिटिव्ह येत नाही. मँटू कधी कधी येते.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. दोनदा वाचलं. पण तिसरा प्रश्न अजून शिल्लक आहे. माझ्या पेशी सांभाळतायत तर गोळ्या का?

श्वासमात्र

कारण तुमच्या पेशी किती जिंकल्यात हे सांगणारी तपासणी आज कोणाकडेच नाही. पॉझिटिव्ह टेस्ट म्हणजे टी पेशींची *आठवण*. आतले जंतू जिवंत आहेत की कधीच संपलेत, हे तिला सांगता येत नाही. गोळ्या पूर्ण केल्यावरही टेस्ट बहुधा पॉझिटिव्हच राहील, घाबरू नका. तुमच्या डॉक्टरांचा 'कोंडून ठेवलंय' हा शब्द समजवायला ठीक आहे, पण तुमच्या छातीत काही ग्रॅन्युलोमा निर्जंतुक असतील आणि एखादा नसेल.

संसर्ग झालेल्या १०० पैकी ५ ते १० जणांना आयुष्यात कधीतरी टीबी होतो. म्हणजे बहुसंख्यांच्या पेशी जिंकतात, हे खरंच मोठं आहे. पण धोका सगळ्यात जास्त पहिल्या २ वर्षांत असतो आणि तुम्ही आत्ता त्यातच आहात, घरातल्या रुग्णामुळे. गोळ्यांनी उरलेसुरले जंतू मारले की पेशींवरचा भार उतरतो. औषधाचे पर्याय आहेत. कोणतं घ्यायचं ते भावाच्या जंतूवर कोणती औषधं चालतात त्यावरही ठरतं. यकृताची तपासणी आणि चालू असलेली इतर औषधं, दोन्हीबद्दल डॉक्टरांशी बोला. आई आणि धाकट्याच्या टेस्ट निगेटिव्ह आल्यात, पण काचपट्टींनी सांगितलेले ८ आठवडे लक्षात घेता पुन्हा करायच्या का तेही विचारा.

रानजाई

८ आठवड्यांचं लक्षातच आलं नव्हतं! भाऊ औषधं सुरू होईपर्यंत खोकत होता, त्यानंतर आईची टेस्ट पाचव्याच दिवशी झाली.

(चार दिवसांनी) जाऊन आले. आई आणि धाकट्याची टेस्ट पुन्हा करायची ठरली, पुढच्या सोमवारी. माझा आठवड्यातून एकदा असा १२ आठवड्यांचा कोर्स सुरू झाला, पहिला डोस काल घेतला. लघवी केशरी होते हे आधीच सांगितलं होतं म्हणून दचकले नाही. यावेळी मी प्रश्न कागदावर लिहून नेले होते. डॉक्टरांनी कागद मागून घेतला, वाचला आणि विचारलं, "हे कोणी शिकवलं?"

काचपट्टी

सोमवारचं इथे नक्की कळवा.